पहिले सहा आठवडे पळायचं नाही

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. साताऱ्यातल्या एका भरती अकादमीच्या कार्यालयात मी टेबलावर पाच हजार रुपये ठेवले. हजर होतो पाच जण: मी, बायको, आमची वीस वर्षांची मुलगी, बायकोचे थोरले भाऊ आणि टेबलापलीकडे अकादमीचे संचालक. पूर्ण फी अठ्ठेचाळीस हजार, मुदत चार महिने, राहणं-जेवण धरून. पाच हजार फक्त जागा धरून ठेवण्याचे होते. पुढच्या रविवारपर्यंत नाही म्हणालो तर त्यातले चार हजार परत मिळतील, असं मी पावतीवर लिहून मागितलं. मेव्हण्यांना ते आवडलं नाही.

"दाजी, फौजी माणूस बसलाय समोर. हितं शब्दावर चालतं."

"शब्द आहेच," मी म्हटलं. "कागद त्याच्या जोडीला राहू दे."

संचालक हसले आणि त्यांनी लिहून दिलं. माणूस सरळ होता, हे मी तिथंच मनाशी नोंदवलं.

मुलीला फौजेत जायचं होतं. आदल्या वर्षी ती भरतीला उतरली होती. सोळाशे मीटर पळताना ठरलेल्या वेळेपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले आणि दुपारी ती घरी आली. आता मे महिन्याच्या मध्यावर पुन्हा भरती होती. त्यानंतर वय निघून जाणार होतं, म्हणजे ही शेवटचीच खेप. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी हिशेब बघतो. अकरा सेकंद म्हणजे किती, हे मी कागदावर मांडून पाहिलं होतं. शंभर मीटरमागे पाऊण सेकंदसुद्धा नाही. एवढ्याशा फरकासाठी पोरीनं आठ दिवस नीट जेवण केलं नव्हतं.

मेव्हणे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही म्हणतो. सातारा तालुक्यातलं त्यांचं गाव असं की तिथं लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पुरुषांत निम्मे रजेवर आलेले असतात. भाचीला भरती करायची तर अकादमी साताऱ्याचीच, हा त्यांचा आग्रह. आणि खोटं कशाला बोलू, अकादमी बघण्यासारखी होती. चुन्यानं आखलेलं मैदान, दोरखंड, टायरींची रांग, चिखलाचा खंदक. आम्ही गेलो तेव्हा साठ-सत्तर पोरंपोरी एका आवाजावर वळत होती. एक पोरगा पळता पळता बाजूला गेला, ओकला, तोंड पुसलं आणि परत रांगेत शिरला. मामांनी माझ्या दंडाला धरलं.

"बघितलं? ह्याला म्हनत्यात रगडा. असा रगडा मिळाला की पोरगी अकरा काय, तीस सेकंद काढंल."

मुलीचे डोळे चमकत होते. बायको त्या ओकलेल्या पोराकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये मी सांगितलं, की कुठलीही वस्तू तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय मी घेत नाही, तेव्हा ही घेण्याआधीही अजून दोन ठिकाणं बघायची. मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसरं ठिकाण सांगलीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची व्यायामशाळा. तीन महिन्यांचे पंधरा हजार. भिंतीवर हिरव्या-खाकी ठिपक्यांचा रंग, छताला जाळी, मोठ्यानं गाणी. शिकवणारा तरुण अंगानं उत्तम, बोलायला गोड. मी विचारलं, "पळायला कुठं नेता?" त्यानं पळायचं यंत्र दाखवलं. सुंदर यंत्र होतं. खाली उतरल्यावर मामा म्हणाले, "चांगलं हाय. फकस्त भरतीवाल्यांस्नी इचारून घ्या, तिथं असला पट्टा अंथरत्यात का."

तिसऱ्या ठिकाणाची माहिती बायकोनं आणली. आम्ही माधवनगरला राहतो. जुन्या गिरण्यांच्या मागच्या अंगाला एक मोकळं मैदान आहे, तिथं निमलष्करी दलातून वीस वर्षांची नोकरी करून परतलेली एक बाई मुलींना तयार करते, असं तिला शेजारणीकडून कळलं. पाटण तालुक्यातली बाई, नवऱ्याच्या नोकरीमुळं इकडं स्थायिक झालेली. पाटी नाही, पत्रक नाही. फी महिन्याला नऊशे, तीही महिना भरल्यावर.

"नऊशे?" मामा म्हणाले. "नऊशेत काय व्हतंय? बुटाच्या नाड्या येतील."

तरी ते मुक्कामाला थांबले, आणि गुरुवारी पहाटे आम्ही चौघं मैदानावर गेलो.

अठरा मुली होत्या. बाई बेचाळीस-पंचेचाळीसच्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या, डोक्याला रुमाल. पहिली गोष्ट दिसली ती अशी: एक मुलगी पाच मिनिटं उशिरा आली. साऱ्या रांगेला दहा जोर काढायला लावले. यात नवल नाही, साताऱ्यातही तेच होतं. पण रांगेबरोबर बाई स्वतः खाली गेल्या आणि दहा जोर काढून उठल्या. उशिरा आलेलीला एक शब्द बोलल्या नाहीत. मामांच्या तोंडून हलकेच "वा" निघालं.

मग आमच्या मुलीला त्यांनी पुढं बोलावलं. मला वाटलं, आता पळवून बघतील. त्यांनी बूट काढायला सांगितले आणि म्हणाल्या, "उजव्या पायावर उड्या मार. एकाच पायावर."

तिनं मारल्या.

"आता डाव्या."

त्याही मारल्या. मला दोन्हींत काही फरक दिसला नाही. बाई म्हणाल्या, "तोंड सरळ ठेवलंस, पर श्वास धरलास. बस खाली."

त्या तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसल्या, डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं नडगीचं हाड वरून खाली दाबत आल्या. मध्याच्या जरा खाली अंगठा आला आणि मुलीनं पाय ओढून घेतला.

"कवापासून हाय हे?"

मुलीनं बुटांकडे हात नेला.

"मी तुला हाकलत न्हाई. कवापासून?"

"मागच्या भरतीच्या आधीपासून."

बायको पुढं आली. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतं," मुलगी म्हणाली. मग मामांकडे न बघता म्हणाली, "आणि मामा म्हणाले असते, दुखतंय म्हणणारी काय फौजेत जाणार."

फौजी घरांत हे असंच आहे. माझ्या सासुरवाडीत दुखणं सांगणं म्हणजे रडणं, आणि फौजेच्या घरात रडत नाहीत. पोरं चालायला लागायच्या आधी ते शिकतात. पडलेल्या पोराला उचलत नाहीत, "शाब्बास, उठ" म्हणतात. माझ्या मुलीनं वर्षभर रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळून, दुखेल तेवढं जास्त पळून, ते अंगी लावून घेतलं होतं. अकरा सेकंद कुठं गेले ते मला त्या मातीत बसलेल्या बाईच्या अंगठ्याखाली दिसलं.

मामा खाकरले. "आवं बाई, येवढंतेवढं चालतंय. आमी आर्मीत..."

"साहेब," बाईंनी मान वर केली, "तुमचा गुडगा कुठला?"

मामा थबकले. "डावा."

"किती वर्सं लपवला?"

"सा-सात."

"मग काय मिळालं?"

मामांनी थोडा विचार केला. "जिना उतराय येत न्हाई. उलटा उतरतो."

अठरा मुली हसल्या. आमचीही हसली, पहिल्यांदाच. मामांनाही हसावं लागलं, कारण ते खरंच आमच्या घरचा जिना पाठमोरे उतरतात.

बाई उठल्या, हात झटकले आणि मला उद्देशून म्हणाल्या, "हाडाच्या डॉक्टरकडं न्या. मी डॉक्टर न्हाई. पर माझ्या हिशेबानं हिला पयले सा आठवडे पळायचं न्हाई. एक पाऊलबी न्हाई. ते पटत आसंल तर या."

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी फोटो काढून तेच सांगितलं: हाडावर ताण आलेला आहे, असंच पळत राहिली तर चीर जाईल, मग चार महिने पलंग.

शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. माझ्यासमोर प्रश्न आकड्यांचा होता. भरतीला सतरा आठवडे. त्यातले सहा गेले की उरतात अकरा. वर्षभर पळून जे जमलं नाही ते अकरा आठवड्यांत? साताऱ्याला सतराच्या सतरा आठवडे रोज सराव मिळणार होता. मामांचं म्हणणं असं, की साताऱ्यालाही सांगू, हळूहळू पळवतील.

मी संचालकांना फोन केला. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "साहेब, सत्तर जणांत एकीला बसवून ठेवता येत नाही. बसली तर मागं पडेल, आणि मागं पडलेलं बघून ती बसणारच नाही, लपून पळेल. तुम्ही ठरवा." त्या माणसाबद्दल माझं मत आणखी चांगलं झालं.

"शेवटची खेप हाय," मामा म्हणाले. "सा आठवडे घरात बसून भरती झालेलं मी तरी बघितलं न्हाई. दाजी, हात जोडतो. पोरीचं वय जाईल."

माझे आकडे मामांच्याच बाजूनं होते. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "पाय तिचा आहे. तिला विचारा की."

मुलीनं ताटं मांडायची थांबवली. "साताऱ्यात मी पळणारच," ती म्हणाली. "सगळे पळत असताना मला थांबता येणार नाही. मला माहीत आहे. म्हणून तिकडं नको."

मामा उठून गॅलरीत गेले. मी रविवारी सकाळी साताऱ्याला फोन केला. चार हजार दुपारपर्यंत खात्यात जमा झाले.

सहा आठवडे पळायचं नाही म्हणजे आराम, अशी माझी समजूत होती. सोमवारी मैदानावर गेलो तेव्हा ती समजूत गेली. बाकीच्या मुली पळत असताना आमची मुलगी दोरीवर हातांनी चढत होती. मातीत पालथी पडून कोपरांवर अंग तोलून धरत होती. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखी बसत होती, पाय थरथरेपर्यंत. नंतर सायकल. बुधगावच्या रस्त्यानं जाऊन यायचं, वेग बाई ठरवणार. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालत. मला काळजी वाटली. मामा साताऱ्याला परत जाणार होते, त्यांनी पिशवी भरूनही ठेवली होती. मंगळवारी पहाटे उठून पाहिलं तर ते माझी स्कूटर पुसत होते.

"सायकलीच्या मागं मानूस पायजे," एवढंच म्हणाले.

ते दोन दिवसांसाठी आले होते ते चार महिन्यांहून जास्त राहिले. पुढं सायकलवर भाची, मागं स्कूटरवर मफलर गुंडाळलेले सुभेदार, ट्रॅक्टरवाल्यांना हात करून बाजूला घेणारे. बुधगावच्या वाटेवरचा चहावाला त्यांना पायलट म्हणायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, स्कूटरवर बसून गुडगा सुधरत न्हाई. रांगेच्या शेवटाला हुबं ऱ्हावा." मला वाटलं, हे काही व्हायचं नाही. ज्यानं जन्मभर रांगेपुढं उभं राहून हुकूम दिले, तो अठरा पोरींच्या शेवटी उभा राहणार? राहिले. भिंतीला पाठ लावून बसले, आणि पहिल्या दिवशी सर्वांत आधी तेच खाली आले. "मामा, फौजी मानूस!" एका पोरीनं टोमणा मारला. "गप गं," मामा म्हणाले, "आमच्या वक्ताला भिंती जरा गुळगुळीत व्हत्या."

माझाही एक दिवस आला. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते, पेढीवर कामाचा जोर असतो. एका पहाटे पोत्यांच्या तोलाईसाठी मला लवकर निघायचं होतं, त्या गडबडीत मुलीला पोचवायला सात-आठ मिनिटं उशीर झाला. रांग खाली गेली, बाई खाली गेल्या. जोर संपल्यावर त्यांनी विचारलं, "उशीर कुणामुळं?"

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

त्या नुसत्या थांबल्या. रांगही थांबली. मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खाली गेलो. सहा काढले. सातव्याला छाती मातीला टेकली ती उचलेना. कुणी हसलं नाही, हे मला हसण्यापेक्षा जड गेलं. त्यानंतर मुलीला एकदाही उशीर झाला नाही.

खाण्याकडंही त्यांनी लक्ष घातलं. बायकोला बोलावून विचारलं, मुलगी घरात कितव्या पंगतीला जेवते. बायको म्हणाली, माझ्याबरोबर, सगळ्यांचं झाल्यावर. "मग तुमी दोघी आता पयल्यांदा जेवायचं," बाई म्हणाल्या. "चार मयने. घरातल्या मान्सांस्नी सांगा, मॅडमचा हुकूम हाय." तेव्हापासून आमच्या घरी मी आणि मामा मागाहून जेवतो. मुलगी आता घरी नाही, तरी बायकोची वेळ तीच राहिली आहे.

सहा आठवडे झाले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि हरकत नाही म्हणाले. बाईंनी तरी तिला मैदानावर पळवलं नाही, डांबरी रस्त्यावर तर नाहीच. ऊस तुटून गेलेल्या एका रानाच्या बांधाकडेची मऊ पायवाट त्यांनी निवडली होती, मालकाला विचारून. पहिल्या दिवशी एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, मी याच्या चौपट पळू शकते."

"ठाऊक हाय मला," बाई म्हणाल्या. "म्हनून तर थांबवतीय."

मार्च सरला, एप्रिलचं ऊन सुरू झालं. मी वेळा लिहून ठेवत होतो, सवयच ती. एप्रिलच्या शेवटापर्यंत माझ्या आकड्यांत काही जीव नव्हता. मामा रोज विचारत, मी मान हलवत असे. मग एका सकाळी बाईंनी तिला प्रथमच पूर्ण सोळाशे मीटर सोडलं. मामा घड्याळ धरून उभे होते. ती रेषा ओलांडून आली तेव्हा त्यांनी घड्याळ मला दाखवलं, परत आपल्याकडे घेतलं, कानाला लावलं. "बंद तर न्हाई पडलं?" मागच्या वर्षीच्या वेळेपेक्षा ती सोळा सेकंद आधी आली होती. मला आनंद झाला त्याहून जास्त नवल वाटलं ते तिच्या तोंडाचं. ते नुसतं लाल झालेलं होतं. दात आवळलेले नव्हते.

भरतीच्या दिवशी आईवडिलांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. पहाटेपासून आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसलो होतो. आत काय चाललंय ते फक्त शिट्ट्यांवरून कळायचं. एकेक तुकडी पळून झाली की नापास मुली फाटकातून बाहेर येत. प्रत्येक वेळी बायको उठून उभी राहायची. दहा वाजले, अकरा वाजले. मामा म्हणाले, "जेवढा उशीर तेवढं बरं," आणि स्वतःच चारदा फाटकापर्यंत जाऊन आले. एकदा एक मुलगी लंगडत बाहेर आली, आमच्या मुलीएवढीच, नडगी धरून खाली बसली. तिचे वडील तिला म्हणत होते, "काय न्हाई, काय न्हाई, उठ." मामा त्यांच्याजवळ गेले आणि बराच वेळ काहीतरी सांगत बसले. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. परत येताना त्यांनी बाईंचा फोन नंबर माझ्याकडून घेतला आणि त्या गृहस्थाला नेऊन दिला.

आमची मुलगी दुपारी दोनला आली. पळणं, उडी, सगळं झालेलं. नऊ सेकंद शिल्लक ठेवून ती पळाली होती. आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "भूक लागलीय." खाली वाकून, दुखरा गुडघा टेकवून, मामांनी तिच्या डाव्या नडगीवरून अंगठा वरून खाली फिरवला.

"दुखतंय?"

"नाही मामा."

"खरं सांग."

"खरंच नाही."

वैद्यकीय तपासणी झाली, लेखी परीक्षा झाली, आणि यादीत तिचा क्रमांक आला. त्या संध्याकाळी मी आणि मामा मैदानावर गेलो. हिशेब असा होता: चार महिने, महिन्याला नऊशे, एकूण तीन हजार सहाशे. त्यातले दोन हजार दोनशे पन्नास बाईंनी घेतले होते. पहिल्या दीड महिन्याचे घ्यायला त्या तयार नव्हत्या.

"पळालीच न्हाई ती," त्या म्हणाल्या. "बसून ऱ्हायलेल्याचे पैसे मी घेत न्हाई."

मी म्हटलं, "बाई, आमच्या पेढीवर हळद नुसती वाळत पडलेली असते, तेव्हा राखणीला जास्त माणसं लागतात. तिच्या पायाची राखण तुम्ही त्याच दीड महिन्यात केलीत. बाकीच्या अडीच महिन्यांत ती आपोआप पळाली."

"मग निम्मे द्या."

"निम्मे नाही. पूर्ण."

"ह्यो गिऱ्हाईक लय अवघड हाय," बाई मामांना म्हणाल्या. "हितं लोक कमी करा म्हनून भांडत्यात."

"मी पंचवीस वर्सं बघतोय," मामा म्हणाले. "घ्या मुकाट्यानं, न्हाईतर लेखी मागंल."

मैदानाच्या कडेला, रांग सुटत असताना, मी बाईंच्या हातात रोख एक हजार तीनशे पन्नास रुपये दिले. मामांनी आपल्या गुडघ्याच्या सरलेल्या महिन्याचे नऊशे वेगळे मोजून दिले, आणि पुढच्या महिन्याचे नऊशे आगाऊ.